मागचे आसन

मिस्त्रीने गाडीवरचे कापड दोन्ही हातांनी सावकाश ओढून घेतले, आणि तब्बल अकरा महिन्यांनी त्या दांपत्याने आपली मोटारसायकल पाहिली. टाकीला पडलेला पोचा नाहीसा झाला होता. दिवा नवा होता, आरसे नवे होते. अपघाताची खूण गाडीच्या अंगावर कुठेही उरली नव्हती. जी काही उरली होती ती बायकोच्या उजव्या पायात. त्या पायातल्या चपलेचा तळ दुसरीपेक्षा दोन बोटे जाड होता.

"नवरीसारखी सजवून दिलीय," मिस्त्री म्हणाला. "आता नेताय की विकायची, ते आजच ठरवा बुवा. एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलंय, आणि माझ्या गॅरेजात मला उभं राहायला जागा नाही."

नवरा नव्या आरशावरून बोट फिरवत राहिला. तो औषधांचा फिरता विक्रेता होता, आणि बोलणे हाच त्याचा व्यवसाय होता. परंतु या गाडीचा विषय निघाला की त्याची वाचा बसे.

"नेणार," बायको म्हणाली. "यांना विचारू नका. यांचं दोन महिने नुसतं 'बघू, बघू' चाललंय. बसमध्ये ती औषधांची बॅग घेऊन घेऊन मांडीला घट्टे पडलेत, तरी बघतायत." तिने काठी भिंतीशी टेकवली आणि मागच्या आसनावर तळहात दाबून पाहिला. "आणि आज मी मागे बसणार. नाहीतर भीती जायची नाही. यांची नाही नि माझीही नाही."

"जमेल का वहिनी?"

"न जमायला काय झालं? आठ दिवस सराव करतेय. हे कामावर गेले की शिवणाच्या स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, वळण आलं असं मनात आणायचं आणि हलायचं नाही. मानसुद्धा नाही. गेल्या वेळी वळणावर मी उलटी झुकले, म्हणून तर हे सगळं झालं."

आमटीत मीठ जास्त पडले असे सांगावे, तितक्या सहज ती हे बोलली. रुग्णालयात शुद्धीवर येताच तिने तो प्रश्न म्हणून विचारला होता, "मी झुकले होते का हो?" आणि तो गप्प राहिला होता. त्या मौनालाच तिने होकार मानले. वस्तुतः त्या वळणाआधी त्याचे डोळे मिटले होते. पापणी लवावी इतके नव्हे; चांगली झोप लागली होती. हे त्याच्यावाचून कोणालाही ठाऊक नव्हते.

मिस्त्री हसला. "मागचं माणूस झुकलं म्हणून गाडी कठड्यावर जात नाही, वहिनी. डगमगते जराशी, चालवणारा सावरून घेतो. ही सरळच्या सरळ गेलीय. मागचं टायर मी माझ्या हातांनी उतरवलं. घासल्याची रेघ नाही. ब्रेकवर पायच पडलेला नव्हता."

"तुम्हाला गाडीतलं कळतं, मिस्त्री," ती शांतपणे म्हणाली. "पण गाडीवर आम्ही दोघंच होतो. सांगा ना हो मिस्त्रींना."

नवऱ्याने तोंड उघडले. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"सुरू करून बघतो," तो म्हणाला.

गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. तो पुढे बसला. पहिल्याच किकला इंजिनाने दाद दिली आणि ती ओळखीची थरथर त्याच्या मनगटांत चढली. मागून ती आली. डावा पाय पायदानावर ठेवून, उजवा पाय हाताने उचलून तिने पलीकडे टाकला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर कितीतरी वर्षे तो हात तिथे सैल पडलेला असे. वाटेत ती मागून दुकानांच्या पाट्या वाचून दाखवी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नकला करी.

आता तो हात लाकडासारखा होता. त्याने आरशात पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते, मान ताठ होती, आणि तिने श्वास रोखून धरला होता. मागचे चाक जमिनीला टेकलेलेही नव्हते.

त्याने इंजिन बंद केले.

"देऊन टाका," तो मिस्त्रीला म्हणाला.

मग मागून तिचा आवाज आला. "मी हललेसुद्धा नाही हो."

"नाही हललीस."

"मग?"

त्याने मान वळवली नाही. आता सांगावे, याहून योग्य क्षण पुन्हा यायचा नाही, हे त्याला स्पष्ट कळत होते. आणि सांगितल्यावर तो खांद्यावरचा हात उचलला जाईल, हेही तितकेच स्पष्ट कळत होते.

"तुझ्या काळजीपोटीच म्हणतोय," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला. जसा चढवला होता तसाच पाय हाताने उचलून ती खाली उतरली, काठी घेतली आणि ओढणीने आसनावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"विश्वास नाही बसायचा यांचा माझ्यावर, माझंच चुकलं," ती मिस्त्रीला समजावणीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही ज्याला द्याल ना, त्याला एवढं सांगा. म्हणावं, घरच्या माणसाला आधीच शिकवून ठेव. वळणावर हलायचं नाही."

"सांगीन," मिस्त्री म्हणाला; पण पाहत होता तो नवऱ्याकडे.