बायकोचा कॅप्टन

टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेतल्या कॅप्टनवर माझी बायको आपल्या मनाने नव्या गोष्टी रचते आणि ॲपवर टाकते. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. मालिकेत तो कॅप्टन नुसते हुकूम सोडतो. हिच्या गोष्टीत मात्र परग्रहावर नायिकेची चप्पल तुटते, तेव्हा तो तिला आपले बूट घालायला देऊन स्वतः अनवाणी चालतो. रोज सकाळी न सांगता तिच्या चष्म्याच्या काचा पुसून ठेवतो. खाली कमेंटमध्ये शेकडो बायका उसासे टाकतात, "असला नवरा कुठे मिळतो गं?"

माझं डोकंच फिरलं. मी समोर बसलेला असताना ही फोनकडे बघून गालातल्या गालात हसणार, आणि मी काही विचारलं की नुसतं "हं" म्हणणार! शेवटी राहवलं नाही. खोट्या नावाने मीही एक कमेंट ठोकून दिली, "ताई, असले पुरुष फक्त अंतराळातच असतात. कुठून सुचतं हो तुम्हाला हे सगळं?"

समोरच्या खुर्चीत तिचा फोन वाजला. धुरकट चष्म्यातून तिने कमेंट वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं.



"सुचत नाही हो दादा, हे सगळं आमच्या ह्यांचंच आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. खूप पुरवून पुरवून वापरलं, पण आता आठवणी संपत आल्यात. म्हणून पुढच्या भागात कॅप्टन मरणार."