सौम्य हरकत

"सर, इंग्रजीतलं 'डिमर' म्हणजे नकारच ना?"

क्लास सुटला होता. मुली सायकली काढून गेल्या होत्या. वैदेही मात्र सतरंजी गुंडाळत मागं राहिली होती.

"छे! नकार फटकन तोंडावर मारता येतो. हे सौम्य असतं. आवाज न चढवता, समोरच्याचा मान ठेवून घेतलेली हरकत," मार्तंड सर म्हणाले. कळंबमध्ये इंग्रजी शिकवावं तर त्यांनीच. शिस्तही तशीच. क्लासमध्ये सगळ्यांनी 'सर'च म्हणायचं. शेजारची पोरं चुकून 'काका' म्हणाली, तर ते उत्तरच द्यायचे नाहीत.

वैदेहीनं सतरंजी कोपऱ्यात ठेवली. तिला ढोकीचं स्थळ आलं होतं आणि आज संध्याकाळी होकार कळवायचा होता, हे क्लासमधल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. लातूरला जाऊन वकिली शिकायचं तिच्या मनात होतं, हेही ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

"कुणी डिमर केलं, तर समोरचा ऐकतो का, सर?"

सरांनी चष्मा काढला. "ईट गावची शिवकन्या आठवते? काय हुशार पोरगी! बारावी होताच बापानं उजवून टाकली. मला अजून लई वाईट वाटतं. माझ्याशी एका शब्दानं बोलली असती, तर मी स्वतः ईटला गेलो असतो. त्या माणसाला म्हटलं असतं, अरे, पोरीला एकदा विचार तरी!"

त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. माणूस मनाचा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"ती बोलली असेल, सर. घरी. सौम्यपणे."

"मग बापाला कळायला नको? लेकीच्या मनातलं बापाला कळतंच."

वैदेहीनं खडू उचलला आणि फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. मुलीला पुढं शिकायचं होतं, म्हणून तिनं ठरत आलेल्या लग्नाबद्दल डिमर केलं. लिहून झाल्यावर ती वळली आणि सरांच्या तोंडाकडं बघत राहिली.

सरांनी वाक्य दोनदा वाचलं. 'अबाउट' खोडून तिथं 'टू' लिहिलं.

"बाकी फर्स्ट क्लास! उदाहरण असं रोजच्या जगण्यातलंच पाहिजे."

"हो, सर," वैदेही म्हणाली. खडू जागेवर ठेवून ती निघून गेली.

सरांनी फळा पुसला, पंखा बंद केला आणि ते आत स्वयंपाकघरात आले. त्यांच्या पत्नी, शारदाबाई, चहा गाळत होत्या.

"अहो, वैदेही काही बोलली का?"

"काही नाही. एका शब्दाचा अर्थ विचारत होती." सरांनी कप उचलला. "ढोकीला फोन लाव. म्हणावं, आमच्या लेकीची काही हरकत नाही."