हळद लागलेला बांबू

गोऱ्या साहेबानं जंगल पाहायला धानोऱ्याच्या बंगल्याला भिंतभर खिडकी ठेवली. इंग्रज गेले, नव्या रेंजरसाहेबांच्या बाईंना त्या जंगलाची भीती वाटे. त्यांनी नागपूरहून फुलाफुलांचा पडदा आणला, पण त्याच्या भारानं दांडीला लावलेला ओला बांबू मधोमध वाकला. तेव्हा चौकीदार पत्रूनं घरचा वाळलेला बांबू बसवला. तो त्याच्या पोरीच्या, सोमारीच्या लग्नमांडवाचा, हळद लावलेला. लग्नाआधीच ती तापानं गेली. हळदीचं लाकूड चुलीत घालत नाहीत, म्हणून तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "पत्रू, पडद्याला पिवळे डाग कसले? बांबू साबणानं धुऊन आण." पत्रू विहिरीवर बांबू घासू लागला. पाण्याला आलेली त्याची बायको थबकली. "काऊन धुऊन राह्यले जी?" "डाग निंगाले पायजे म्हणते बाई." तिनं घडा भरला आणि नवरीला न्हाऊ घालतात तसं ती बांबूवर पाणी ओतू लागली.