परीक्षितच्या नाकातली रिंग

"वहिनी, सोमवारच्या आत पोराच्या नाकातली ती रिंग निघाली पाहिजे," देवळातल्या चपलांच्या कपाटाशीच श्रीरंगराव म्हणाले. "मी शब्द टाकला म्हणून आमच्या कंपनीत त्याला समर जॉबच्या इंटरव्ह्यूला बोलावलंय. हा तसाच येऊन बसला तर शोभा माझी व्हायची."

वसुधानं चपला काढून जोडीनं ठेवल्या. पदर सारखा केला.

"आजच बोलते मी त्याच्याशी, भाऊजी."

"मोहनराव काही म्हणत नाहीत का?"

"ते या विषयात पडत नाहीत. आणि या बाबतीत परीक्षितचं माझ्यापुढे काही चालत नाही."

"दिसतंच आहे ते," श्रीरंगराव म्हणाले आणि समया लावायला आत गेले.

पार्सिपनीतल्या त्या देवळाचा हॉल शनिवारी दुपारीच भरून गेला होता. कीर्तनाला पुण्याहून बुवा आले होते, पण त्यांच्या तबलजीला व्हिसा मिळाला नव्हता. म्हणून साथीला परीक्षित. पांढरा झब्बा घालून तो मान खाली घालून तबला लावत होता. एकोणीस वर्षांचा, उंच, आईच्या वळणावर गेलेला. नाकपुडीत सोन्याची बारीक रिंग. हातोडी पडली की ती लकाकायची.

"ये गं, इथे बस," विनीतानं सतरंजीवर जागा करून दिली. तिनं एकदा तबल्याकडे पाहिलं, मग वसुधाकडे. "मॉलमध्ये पंधरा मिनिटांत टोचून देतात म्हणे. आमच्या अनिकाला मी सांगून ठेवलंय, भुवईत काही चमकलं तर घराचं कुलूप बदलेन. म्हणते कशी, 'मॉम, यू आर सो मीन!' असू दे मीन."

"हो का?" वसुधा म्हणाली.

"तुम्हाला नागपूर सोडून दोनच वर्षं झाली, नाही? इथली हवा लागायला तेवढी पुरते. पण तू फार सोसतेस हं. मी असते तर झोपेतच काढून घेतली असती."

"झोपेत मी रोज हात लावून बघते."

विनीता तोंडावर पदर धरून हसली. वसुधाला हसू आलं नाही.

बुवांनी नमन केलं. चिपळ्या वाजल्या, झांजा लागल्या, आणि पूर्वरंग सुरू झाला. माणूस रसाळ होता. नाम घेणाऱ्या जिभेची महती सांगता सांगता त्यांनी एकदम डावीकडे पाहिलं.

"बैलाला वेसण कशाला घालतात हो? दावं तोडून पळू नये म्हणून! आता आमच्या या तबलजींकडे बघा. यांना कुणी घातली?"

हॉल खदखदून हसला. श्रीरंगराव सगळ्यात मोठ्यानं. परीक्षितचे कान लाल झाले, पण ठेका तसूभर हलला नाही. वसुधानं मान खाली घातली नाही. हसणाऱ्यांकडेही पाहिलं नाही. ती मुलाकडे बघत राहिली.

उत्तररंगात बुवांनी आख्यान असं उभं केलं की मागच्या खुर्च्यांवरची माणसंही पुढे सरकली. शेवटच्या गजराला तबला चढत चढत गेला, टाळ्यांनी हॉल भरला, आणि बुवा क्षणभर गायचे थांबून नुसते ऐकत राहिले. आरतीच्या आधी त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि परीक्षितच्या गळ्यात घातला.

"मघाशी थट्टा केली, बाळा. राग धरू नकोस. हात गोड आहे तुझा. दीर्घायुषी हो."

तिसऱ्या रांगेत वसुधानं हात जोडले. आरतीचं ताट पुढे आलं तरी तिचे हात सुटेनात. विनीताला तिला कोपरानं हलवावं लागलं.

प्रसाद झाला. पार्किंग लॉटमध्ये उन्हानं गाड्या तापल्या होत्या. दूरवरून श्रीरंगरावांनी वसुधाला पाहिलं, स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि मग ते बोट ताकीद द्यावी तसं हलवलं. वसुधानं मान डोलावली. गाडीत बसून तिनं दारं लावून घेतली. किल्ली फिरवली नाही. जे काय ते आजच, इथेच संपवायचं, हे तिनं देवळातच ठरवलं होतं.

"काका काय म्हणत होते?" परीक्षितनं विचारलं.

"सोमवारच्या आत काढा म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"या बाबतीत तुझं माझ्यापुढे काही चालत नाही, असं म्हणाले मी."

परीक्षितनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"आई, आता तरी काढू दे ना गं."

"नाही."

"जॉब जाईल."

"दुसरा मिळेल."

"नागपूरला पोरं मला काय काय म्हणायची, तेव्हाही तुझं हेच. इथे सगळ्यांना वाटतं, मी मॉलमध्ये जाऊन केलं. मला आठवतंय तेव्हापासून ही नाकात आहे, हे तू एकालाही सांगत नाहीस. आज तर माइकवरून हसले मला. मी काही बोललो? तू सांगतेस म्हणून ठेवली, आणखीही ठेवीन. पण का ते सांग. आज सांगच."

वसुधानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. एकोणीस वर्षांत हे वाक्य तिनं देवासमोरसुद्धा मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

"तुझ्याआधीचे माझे दोन मुलगे पाळण्यातच गेले," ती म्हणाली. "त्यांची नाकं मी टोचून घेतली नव्हती."