मॅनेजरची पुरचुंडी

मॅनेजरने पुरचुंडी दीड मिनिटात सोडली. आतले दहाच्या दहा दाणे मटकावले, चिंधी लाथाडली आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे असं पाहिलं, की झालं एवढ्यातच?

मॅनेजर म्हणजे मांजर. पिवळी, अंगाने चांगली भरलेली. कवडीचं काम नाही आणि लक्ष घरातल्या प्रत्येकावर, म्हणून हे नाव. महिन्यापूर्वी तिने चाटून चाटून स्वतःच्या पोटावरचे केस घालवले होते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला उलटीपालटी करून पाहिलं आणि सांगितलं, "आजार काही नाही, कंटाळलीय. हिला वाटीत आयतं देऊ नका. शोधायला लावा, सोडवायला लावा. डोकं चालायला लागलं की चाटणं थांबेल." तेव्हापासून तिचे दाणे कधी रिकाम्या खोक्यात असत, कधी जुन्या बुटात, आणि रोज दुपारी चादरीच्या फाडलेल्या चौकोनात, वर गाठ मारून. पोटावर आता लव फुटली होती.

गाठ मारायचं काम म्हाताऱ्याचं. पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं गठ्ठे बांधलेला माणूस तो. पण आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, हात येईल. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू याने मांजरीपुढे टाकला आणि हात स्वेटरच्या खिशात घातला. "तो गेला," असंच म्हणायचा, कुणी लांबचा नातेवाईक गेल्यासारखं. बायको समजावून थकली, रागावून थकली, आणि मग मुकाट्याने त्याची बटणं लावायला लागली. त्या हाताच्या काळजीने तिला रात्र रात्र झोप नव्हती, पण हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. पुरचुंडी तो उजव्या हाताने आणि दातांनी बांधायचा.

"दीड मिनिट," भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती म्हणाली. "काल दोन लागली होती. परवा अडीच."

"हुशार आहे ती."

"ती आहेच हुशार. पण ती काय गाठ होती? चौतीस वर्षं लोकांचा माल तुमच्या भरवशावर गावोगाव गेला. आणि आता तुमची गाठ मांजर सोडतंय."

म्हाताऱ्याला हे चांगलंच झोंबलं. बोलून गेल्यावर तिलाही वाटलं, जरा जास्तच झालं. पण शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

"चिंधी आण," तो म्हणाला.

तिने चिंधी टेबलावर पसरली, दाणे मोजून ठेवले. त्याने उजव्या हाताने डावा हात खिशातून काढला, सामान ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि चिंधीचं एक टोक त्या बोटांत खोचलं. निसटलं. पुन्हा खोचलं. पुन्हा निसटलं. बायकोचे हात आपोआप पुढे आले. तिने ते मागे घेतले, मांडीखाली दाबले आणि त्यांच्यावरच बसून राहिली. मॅनेजर टेबलावर चढून बसली, साहेब तपासणीला यावेत तशी.

तिसऱ्या वेळी अंगठा वाकला. फार नाही, पण टोक चिमटीत राहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. उजव्या हाताने त्याने एक फेरा घातला, त्यावर दुसरा घातला आणि ओढलं. दोन्हीकडून ओढलं. गाठ घट्ट बसली.

"घ्या, मॅनेजरसाहेब," म्हणत त्याने पुरचुंडी खाली टाकली.

मॅनेजर नेहमीच्या रुबाबात गेली. दात लावले, नखं लावली. पुढच्या पायांत धरून मागच्या पायांनी झोडपली. खुर्चीखाली नेली, पडद्यामागे नेली, परत आणली. पाच मिनिटं झाली, सात झाली. नवव्या मिनिटाला ती मागे सरली आणि इकडे आपलं काहीच नाही अशा थाटात पंजा चाटायला लागली.

"हरली," म्हातारा म्हणाला. "अगं, हरली ती." आणि तो हसला, आठ महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलेपर्यंत.

बायकोचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला कुठे ठेवावा कळेना, म्हणून ती त्याच्यावरच ओरडली. "हसताय काय? उपाशी ठेवायचंय का तिला?" तिने पुरचुंडी उचलली आणि सोडायला बसली. नखं लावली, शेवटी दातही लावले. गाठ ढिम्म हलेना. मग ती कात्री आणायला उठली.

"कात्री राहू दे," तो म्हणाला. "माझी गाठ आहे. मी सोडतो."

पुरचुंडी त्याने उजव्या हाताने टेबलावर दाबून धरली आणि डाव्या हाताची बोटं गाठीवर आणली. बोटं थरथरत होती, पण गाठ उकरत होती. मॅनेजर पुन्हा टेबलावर आली आणि एकदम थबकली. आठ महिने खिशातल्या याच हाताला उशी समजून ती त्यावर डोकं टेकून झोपली होती. आता तिचे डोळे मोठे झाले, मान खाली गेली, ढुंगण हललं, आणि तिने त्या बोटांवर झडप घातली.

"अगं बाई, ओरखडलं ना," बायको धावत आली. "हात मागे घ्या आधी."

डाव्या हाताच्या पाठीवर रक्ताची बारीक रेघ उमटली होती. म्हातारा त्या रेघेकडे बघतच राहिला.

"कशाला?" तो म्हणाला, आणि बोटं पुन्हा हलवली.

मॅनेजर दबा धरून बसली.