कुठं काचतंय?

"मजा नाही येत," मास्टर म्हणाले, आणि डिझाइनवाल्याने मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

टेलरिंगच्या दुकानाच्या नव्या पाटीचा हा कितवा नमुना, ते दोघंही विसरले होते. अक्षरं जाड झाली, बारीक झाली. निळ्याचं लाल झालं, लालाचं हिरवं. सुई गेली, कात्री आली. दर वेळी मास्टर मान वाकडी करायचे आणि काहीतरी कमी आहे म्हणायचे. नाहीतर काहीतरी जास्त आहे. आज संध्याकाळपर्यंत पाटी छापायला गेली नाही तर हातचं काम जाणार होतं, आणि पाठोपाठ डोकंही.

तेवढ्यात कोटाच्या ट्रायलला आलेलं ढेरपोटं गिऱ्हाईक आरशासमोरून म्हणालं, "मास्टर, मजा नाही येत."

मास्टर उसळलेच. मजा हवी तर सर्कशीत जा म्हणाले, हा कोट आहे. "नुसतं आवडलं नाही म्हटल्यावर मला काय कळणार, साहेब? हात वर करा. कुठं काचतंय ते सांगा."

साहेबांनी हात वर केले. काखेत, म्हणाले. मास्टरांनी तिथं टाचणी खोचली.

डिझाइनवाल्याची ट्यूब पेटली. त्याने पाटीचा कागद कटिंगच्या टेबलावर पसरला आणि टाचण्यांची डबी मास्टरांपुढे सरकवली. "आता तुम्ही सांगा. कुठं काचतंय?"

मास्टर आधी हसले. मग वाकले. टाचणी कात्रीवरून फिरली, हिरव्या रंगावरून फिरली, आणि 'बंधू टेलर्स'मधल्या पहिल्या शब्दात जाऊन रुतली.

दुकानातलं दुसरं मशीन चादरीखाली झाकलेलं होतं. रस्त्यापलीकडच्या नव्याकोऱ्या दुकानात मास्टरांचंच नाक घेऊन जन्मलेला धाकटा भाऊ कुणाचं तरी माप घेत होता.

"काढून टाकू?"

"काढ."

"मग 'टेलर्स' मधोमध घेतो."

"मधोमध नको. आहे तिथंच राहू दे. ती जागा सोड."

"रिकामी? लोक हसतील, मास्टर."

"हसू देत. कोटाच्या शिवणीत मी जादा कापड आत दुमडून ठेवतोच की. उसवून वाढवायची वेळ कधी येईल, सांगता येत नाही."

इतक्या दिवसांत मास्टर पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलले होते, आणि डिझाइनवाल्याला पहिल्यांदाच काहीएक कळेना. तो कागदाकडे बघत राहिला. मास्टर रस्त्याकडे.

"मास्टर," आरशासमोरून आवाज आला, "मी हात खाली घेऊ का?"