नऊ नंबरचं दार

“आज दार काढायचंच,” न्यांबुरा सुताराला म्हणाली. “बाबा दवाखान्यातून यायच्या आत.”

ओमोंडी सुतार हत्यारांची पिशवी घेऊन तिच्यामागून जिना चढू लागला. भाडं थकलं की भाडेकरूचं दार काढून न्यायचं, ही नाकुरू शहरातल्या घरमालकांची जुनी रीत. बिनदाराच्या खोलीत कोण किती दिवस झोपणार? एक तर पैसे येतात, नाही तर खोली रिकामी होते.

ही तीन मजली चाळ न्यांबुराच्या वडिलांनी, गाथोगोंनी, पतसंस्थेचं कर्ज काढून बांधली होती. आई गेल्यावर कारभार न्यांबुराकडे आला. तिने शिस्त लावली. भाडं फोनवरून थेट पतसंस्थेच्या खात्यात भरायचं. दारोदार फिरणं नको, घासाघीस नको. हप्ते वेळेवर जाऊ लागले. गाथोगो अंगणात खुर्ची टाकून बसायचे. भाडेकरू येता-जाता हात वर करायचे आणि पुढे निघून जायचे.

फक्त नऊ नंबरची नेकेसा आजी वेगळी होती.

“तिला तो खात्याचा लांबलचक नंबर जमत नाही,” गाथोगो म्हणाले होते. “माझ्या फोनवर पाठवू दे. तिचं मी बघतो.”

आणि नेमकं तिचंच भाडं थकलं. दर महिन्याला गाथोगो कोट चढवायचे, टोपी घालायचे आणि कठडा धरत वर जायचे. उतरायला त्यांना दुपार कलायची.

“दिलं?” न्यांबुरा विचारायची.

“नाही. पुढच्या महिन्यात बघू, म्हणते.”

“मग इतका वेळ काय करत होतात?”

“भांडत होतो.”

आता पतसंस्थेने बजावलं होतं. आणखी एक हप्ता अपुरा आला, तर इमारत लिलावात जाईल.

ओमोंडीने पहिला स्क्रू फिरवला, तशी शेजारची माणसं गॅलरीत जमली.

“दुसऱ्यांची दारं काढत फिरतोस,” एकजण ओरडला, “तुझं कुठंय रे?”

“माझ्या मालकाच्या घरी!” ओमोंडी म्हणाला. सगळे हसले.

नेकेसा आजी हसली नाही. तिने दाराआडची ट्रंक निमूटपणे बाजूला ओढली.

“मालक नाही आले?” तिने विचारलं.

“गुडघे दाखवायला गेलेत. तुमचा जिना चढून चढून गेलेत त्यांचे गुडघे!”

आजीचा चेहरा उतरला. “फार दुखतात का? मला कधी बोलले नाहीत.”

“तुम्हाला कशाला बोलतील? आजी, मला सांगा, भाडं भरायचंय की नाही?”

आजीने गॅलरीतल्या माणसांकडे पाहिलं.

“बघा, तोंडातून शब्द नाही!” न्यांबुराचा आवाज चढला. “म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे घालायला लावता. आमचं घर लिलावात निघालं तर तो माणूस कुठं जाईल, याचा विचार केलात?”

“लिलाव?” आजी एकदम म्हणाली. “हे मला ठाऊक नव्हतं गं.”

दार निघालं. ओमोंडीने ते पाठीवर घेतलं आणि तो सावकाश जिना उतरला. तमाशा संपला तशी माणसं पांगली. उघड्या चौकटीतून रस्त्यावरची धूळ आत येऊ लागली.

न्यांबुरा वळली, तशी आजीने तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, “पोरी, मी बोलले हे त्यांना कळू देऊ नकोस. भाडं मी दर महिन्याला पाठवते. संध्याकाळी ते त्यांच्या फोनवरून मला परत येतं. मग मी दुसऱ्या दिवशी चहाला दूध जास्त आणते.”